लिंबायतच्या धाब्यावरून मारलेली हाक

सुरुवातीलाच सांगते — या सदरातले अनुभव मी आवडीने वाचते, पण विश्वास ठेवून कधीच वाचले नाहीत. मी सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. त्यात आम्ही बौद्ध. आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, दारावर लिंबू-मिरची नाही. लहानपणी शेजारच्या काकू माझ्यावरून मिरच्या ओवाळायला यायच्या, तेव्हा आई त्यांना हसत म्हणायची, "त्या मिरच्या ठेवून जा वहिनी, चटणीला होतील." अशा घरात मी वाढले.

म्हणूनच हे लिहावं की नाही, यात बरीच वर्षं गेली... पण आता आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वय झालंय, ताई रिटायरमेंटला आलीय, आणि मला वाटतं की ही गोष्ट आमच्या घराबाहेरही कुणाला तरी माहीत असावी. भीती वाटण्यासारखं यात काही नाही. खरं सांगायचं तर मला हे आठवलं की ऊर भरून येतो.

काळ नव्वदच्या दशकाच्या मधला. आम्ही सुरतेच्या लिंबायत भागात भाड्याने राहायचो. खाली एक खोली आणि ओटा, वर घरमालकीण हंसाबेन आणि त्यावर सपाट धाबं. आबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. मूळचे खानदेशातले, तापीकाठच्या एका खेड्यातले. आई आणि मी साड्यांना टिकल्या लावायचो, आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आम्ही घरी अहिराणी बोलतो. सगळ्यांना कळावं म्हणून इथे साध्या मराठीत लिहिते, पण आबांचे काही शब्द मात्र आहेत तसेच ठेवणार आहे.

माझी मोठी बहीण शीलाताई नर्स. आमच्या गल्लीतली पहिली नर्स! ती पांढऱ्या ड्रेसमध्ये ड्यूटीला निघाली की आई उगाचच ओट्यावर येऊन उभी राहायची... लोकांनी बघावं म्हणून. तर ताईला एका आरोग्य संस्थेतर्फे लक्षद्वीपला जायची संधी मिळाली. तिथल्या एका बेटावरच्या छोट्या दवाखान्यात वर्षभराचं काम. नातेवाइकांनी घर डोक्यावर घेतलं. बिनलग्नाची पोर समुद्रात पाठवता? आबा एवढंच म्हणाले, "तिले जायाचं शे. ती जाई." तिला जायचंय, ती जाईल. विषय संपला.

ताई कोचीनपर्यंत रेल्वेने गेली आणि तिथून जहाजाने. मी माझ्या शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात लक्षद्वीप शोधून आबांना दाखवलं. निळ्या रंगावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके, एकाखाली एक. आबा बराच वेळ त्या ठिपक्यांवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "एवढ्या पाण्यात एवढीशी जमीन... आणि तिथं आपली शीला सुया टोचतेय लोकांना!" आणि एवढे खूष झाले की ते पुस्तक घेऊन थेट कारखान्यात गेले. परत आणलं तेव्हा त्या पानावर दहा जणांच्या बोटांचं तेल लागलेलं.

आता आबांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आबा लहानपणी गावी ज्वारीची राखण करायचे. शेतातल्या माळ्यावर बसून पाखरं उडवायची, नदीपलीकडच्या माणसाला हाक मारायची. त्यातून त्यांचा आवाज असा कमावला गेला होता की काय सांगू... लूमच्या खात्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, सगळे हातांनी खुणा करतात. पण आबांनी हाक मारली की ती त्या खडखडाटातून पलीकडच्या टोकाला जायची. आम्ही बहिणी लहान असताना खेळत खेळत लांब गेलो की संध्याकाळी ते ओट्यावरून हाक मारायचे — "ये वऽऽ होऽऽ!" म्हणजे, ये गं. पण ते शब्द नावालाच. ती हाक खालच्या सुरात सुरू व्हायची, मध्ये एक झटका बसून तुटायची आणि मग एकदम वर चढून लांबत जायची. त्यांच्यासारखी ती कुणालाच जमली नाही. मी आणि ताईने खूप वेळा प्रयत्न केला... आमचा आवाज मधल्या झटक्यालाच फाटायचा आणि आम्ही हसून हसून लोळायचो.

दिवाळी होऊन गेली होती. रेडिओवर बातमी आली की अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झालंय आणि ते लक्षद्वीप बेटांच्या दिशेने सरकतंय. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये वगैरे. आमच्याकडे सुरतेत आभाळ अगदी कोरडं, निळं. थंडीची नुसती चाहूल. त्यामुळे ती बातमी खरीच वाटेना. पण दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. वादळ आणखी जवळ आलंय, जोर वाढलाय. आईने टिकल्यांचं काम बाजूला ठेवलं. मी कोपऱ्यावरच्या जयेशभाईंच्या एसटीडी बूथवर जाऊन फोन लावून पाहिला. बेटाची लाईन लागेना.

आबांना मी घाबरून विचारलं, "आबा, ताईचं कसं होईल?"

ते शांत होते. म्हणाले, "शीला घाबरणारी नाही. ती दवाखान्यात लोकांना धीर देत असेल बघ."

आणि मग तो दिवस. कारखान्याचा वीज बंद असण्याचा वार होता, म्हणून आबा घरी. दुपारी आमच्याकडच्या मशिदीतली अजान नुकतीच होऊन गेली होती. आई भाकरी थापत होती. मी ताटं मांडत होते, आबा भिंतीला टेकून रेडिओ ऐकत बसले होते. वादळ उद्या बेटांवर पोहोचेल, असं बातम्यांत सांगितलं. म्हणजे अजून वेळ होता. मला आठवतं, आम्हाला थोडं हायसंही वाटलं.

आबांनी ताट पुढे ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला... आणि हात तसाच थांबला. मान एका बाजूला वळवून ते ऐकायला लागले. मला वाटलं, बाहेर कुणी बोलावतंय. ते उठले, हात न धुताच. चप्पल न घालता बाहेर पडले आणि बाजूच्या जिन्याने वर धावत सुटले. धावत! गुडघेदुखीने पायरी चढताना कण्हणारा माणूस.

आम्ही दोघी मागोमाग गेलो. धाब्यावर हंसाबेनचे पापड वाळत होते. आबा त्यांच्यामधून सरळ दक्षिणेच्या कठड्यापाशी गेले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक मारली —

"ये वऽऽ होऽऽ!"

तशी हाक मी आयुष्यात ऐकली नाही. शेजारच्या छपरावरची कबुतरं एकदम उडाली. आबांनी श्वास घेतला आणि पुन्हा हाक मारली. आणि पुन्हा. आजूबाजूच्या धाब्यांवर, गल्लीत लोक गोळा झाले. हंसाबेन धापा टाकत वर आल्या, "अरे, काकाने शुं थयुं?" काकांना काय झालं, म्हणून विचारायला लागल्या.

आईने आबांचा दंड धरला. "काय व्हयनं तुमले? खाले चाला!"

आबांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे पूर्ण शुद्धीवर होते, हे मी शपथेवर सांगते. म्हणाले, "मना आंडेरले रस्ता दखाय नही राह्यना."

माझ्या लेकीला रस्ता दिसत नाहीये.

"सरक," ते म्हणाले. "माले हाक मारू दे."

आणि आईने — मिरच्या चटणीला घेणारी बाई — तिने हात सोडला. ती नुसती त्यांच्या बाजूला उभी राहिली. लोक हसत होते, कुणी "पाणी मारा तोंडावर" म्हणत होतं. आबा थांबले नाहीत. उन्हात घामाने शर्ट चिकटला, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या. आवाज आधी घोगरा झाला, मग चिरका, तरी ते त्या मधल्या झटक्यासकट पूर्ण हाक मारत होते. किती वेळ... मला खरंच सांगता येणार नाही. खाली तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती, इतकं नक्की.

मग ते एकाएकी थांबले. ऐकत राहिले. आणि चेहरा असा उजळला... जणू समोर कुणी दिसलं.

"लागनी," ते कसेबसे पुटपुटले. "कडले लागनी."

किनाऱ्याला लागली. एवढं बोलले आणि तिथेच पापडांच्या चादरीवर बसले. त्यानंतर त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही. अक्षरशः एक शब्दही नाही, नुसती हवा.

गल्लीत चर्चा सुरू झाली की बाहेरचं काहीतरी लागलंय. काकू म्हणाल्या, भगताला बोलवा. आई म्हणाली, "डॉक्टरला बोलावू." डॉक्टरांनी घसा बघितला, आतून सगळा सुजलाय म्हणाले, ओरडल्यामुळे. बोलायचं नाही, गरम पाणी प्यायचं. मुलीच्या काळजीने डोक्यावर ताण आलाय, असंही सांगितलं. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या की वादळ बेटांवरून गेलं, झाडं पडली, संपर्क तुटलाय. आम्ही जेवलो नाही, झोपलो नाही. आबा मात्र स्वस्थ होते. आईच्या डोक्यावर हात ठेवून खुणेने सांगायचे — ठीक आहे, ती ठीक आहे. मला तर त्यांचा रागच यायचा.

चार-पाच दिवसांनी सकाळी जयेशभाई स्वतः पळत आले. "बेन, जल्दी चलो, तमारी दीदीनो फोन!"

आम्ही तिघं तसेच धावलो. रिसीव्हर माझ्या हातात आला. खरखर, मग ताईचा आवाज. मी रडायलाच लागले. "ताई, तू बरी आहेस ना? कुठे लागलं का?"

आणि ताईने पहिला प्रश्न काय विचारला?

"सुनंदा, आबांचा घसा कसा आहे?"

मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे खरंच बसलाय?" ती म्हणाली, आणि मग तीही रडायला लागली.

ताईने जे सांगितलं ते असं. वादळ यायच्या आदल्या दिवशी निरोप आला की शेजारच्या एका छोट्या बेटावर नारळ उतरवायला गेलेली माणसं परत आली, पण एक जोडपं मागे राहिलंय. बायकोला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्यात आणि सोबत नर्स नसताना तिला होडीत घ्यायची त्या माणसांना भीती वाटली. वादळ आलं की तिथे झोपडीशिवाय आसरा नाही. डॉक्टर दुसऱ्या बेटावर अडकलेले. ताई म्हणाली, मी जाते. कोया नावाचा तिथला म्हातारा नावाडी इंजिनाची होडी घेऊन तयार झाला. सगळ्यांना वाटत होतं की उद्यापर्यंत वेळ आहे.

जाताना समुद्र ठीक होता. त्या बाईला आणि तिच्या नवऱ्याला होडीत घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेत पावसाचा लोट आला. वादळाच्या पुढे धावणारा पाऊस. ताई म्हणाली, "दुपारची वेळ, पण समोर धरलेला हात दिसेना. सगळं पांढरं." बेटाभोवती पोवळ्याच्या खडकाचं कडं असतं आणि आत शिरायला एकच अरुंद वाट. ती चुकली तर होडीचे तुकडे होतात. कोयाने इंजिनाचा वेग कमी केला. चारी बाजूंनी लाटा फुटल्याचा एकसारखाच आवाज येत होता. त्या बाईच्या कळा वाढत होत्या, नवरा दुवा मागत होता. ताईने त्या बाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती मला म्हणाली, "सुनंदा, मला वाटलं, झालं. फक्त एकदा मनात आलं की आबांनी आता हाक मारली असती तर मी चालत गेले असते."

आणि तेव्हा हाक आली.

"ये वऽऽ होऽऽ!"

उजव्या बाजूने. ताईला वाटलं, आपल्या मनाचे खेळ. पण कोयाने झटकन मान वळवली. त्याच्या मोडक्या हिंदीत ओरडला, "कौन बुलाता है? किनारे पे आदमी है!" आणि त्याने होडी वळवली. पुन्हा हाक आली. तो आवाजाच्या रोखाने सुकाणू धरून राहिला. एकदा हाक डावीकडे सरकली तशी त्यानेही होडी डावीकडे घेतली. दोन्ही बाजूंना फेस उसळताना दिसला आणि होडी मधल्या वाटेतून आत, शांत पाण्यात आली. शेवटी शेवटी आवाज खूप चिरका झाला होता, ताई म्हणाली. म्हणून तिला घशाची काळजी.

किनाऱ्यावर कुणीच नव्हतं. वादळाच्या भीतीने सगळे शाळेच्या पक्क्या इमारतीत जमले होते. कोया हाक मारणाऱ्याचे आभार मानायला सगळ्यांना विचारत फिरला. तिथल्या कुणीही हाक मारली नव्हती, कुणी ऐकलीही नव्हती. त्या बाईला त्याच रात्री मुलगी झाली. बाहेर वादळ दवाखान्याचे पत्रे ओढत होतं आणि ताई एकटीने बाळंतपण करत होती. आई आणि बाळ दोघीही सुखरूप.

मी हट्टाने विचारलं, "निघालात कधी? कितीचा सुमार?" ती म्हणाली, "तिकडच्या बेटावर त्या नवऱ्याने दुपारची नमाज पढली, मग निघालो. पाऊस लगेच आला."

मला आमच्याकडची अजान आठवली. ताटं आठवली.

"ताई," मी म्हटलं, "खरं सांग. तू कधी त्या कोयाला आबांच्या हाकेबद्दल बोलली होतीस? करून दाखवली होतीस?"

"मला कधी जमली होती ती?" ताई म्हणाली. "थांब, तो इथेच उभा आहे."

रिसीव्हरची खडखड झाली. एका म्हाताऱ्या माणसाने घसा साफ केला. आणि मग फोनमधून आली... तीच. खालून सुरू झालेली, मध्ये झटका बसून तुटलेली, वर चढून लांबत गेलेली. शब्द चुकीचे होते, कारण त्याला काय माहीत अहिराणी! पण सूर तोच. शेकडो मैलांवरचा एक कोळी, ज्याने आबांना पाहिलं नाही, ज्याला खानदेश कुठे आहे ते ठाऊक नाही, तो माझ्या बापाची हाक मारून दाखवत होता.

मी रिसीव्हर आबांच्या कानाला लावला. त्यांनी पुन्हा करायला सांग म्हणून खूण केली. मी सांगितलं. पलीकडून पुन्हा हाक आली. आबांनी डोळे मिटून ऐकली, मग माझ्याकडे बघून हाताने दाखवलं — बराय, पण शेवट थोडा कमी पडतो. आम्ही रडता रडता हसलो. आई तर बूथबाहेर जमलेल्या गल्लीला सांगत सुटली होती, "माझ्या शीलाने भर वादळात बाळंतपण केलं! समुद्रात गेली होती, समुद्रात!" काकूंनाही तिने ते तीन वेळा ऐकवलं.

ताईने तिथलं वर्ष पूर्ण केलं. वादळानंतर परत ये म्हणून कुणीही तिला म्हटलं नाही, आबा तर नाहीच नाही. पुढे ती गुजरातेतच सरकारी नोकरीत लागली, आणि आजही अवघड बाळंतपण असलं की तिलाच बोलावतात.

मी विज्ञान शिकवते. आवाज म्हणजे हवेतली कंपनं, अंतर वाढलं की ती विरतात, हे मी दरवर्षी मुलांना फळ्यावर आकृती काढून सांगते. सुरतेतल्या धाब्यावरची हाक लक्षद्वीपला पोहोचू शकत नाही. ताईला भास झाला म्हणावं, तर कोयाने ऐकली. त्या बाईच्या नवऱ्यानेही ऐकली. काळजीने आबांचं डोकं फिरलं म्हणावं, तर ते नेमकं त्याच दुपारी, त्याच वेळी का फिरलं? आणि ते थांबले का? आबांना मी शंभरदा विचारलं असेल. ते सांगतात, जेवताना शीलाचा आवाज आला, "आबा, हाक मारा." बस्. यापुढे त्यांच्याकडेही काही नाही. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा, मी खुल्या मनाने ऐकेन.

आबांचा आवाज पुरता परत आला नाही. खरखरीत, फाटका असा राहिला. मी नोकरीला लागल्यावर त्यांना गळ्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मराठीच होते. त्यांनी आत नळी घालून तपासलं आणि विचारलं, "बाबा, काय काम करायचात? भाजी विकायचात की गायचात? इतका ताण कसा पडला आवाजावर?"

आबा खुर्चीत ताठ बसले. त्या फाटक्या आवाजात, पण चांगलं ठासून म्हणाले, "एकच दिवस ओरडलो, साहेब. माझी लेक समुद्रात होती. तिला किनाऱ्यावर आणलं."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हातारा काहीतरी बरळतोय, आता तुम्हीच नीट सांगा, अशा नजरेने.

मी म्हटलं, "बरोबर सांगताहेत ते."